विजेचा दाब कोणाच्या मालकीचा?

पवनऊर्जा आणि सौरऊर्जा यांची सांगड घालण्याचे राष्ट्रीय धोरण केंद्र सरकारने मे २०१८ मध्ये जाहीर केले. त्याच्या समर्थनार्थ जे सांगण्यात आले ते सर्वांच्या परिचयाचे आहे. वारा आणि ऊन परस्परांस पूरक आहेत. एकाच जमिनीवर दोन्ही प्रकल्प उभे राहतात. एकाच वाहिनीतून दोहोंची वीज वाहून नेता येते. हे सारे खरे आहे. परंतु या सांगडीतला जो लाभ सामान्य ग्राहकाच्या सर्वांत निकटचा, त्याचीच वाच्यता सर्वांत कमी झाली. तो लाभ म्हणजे विजेचा दाब स्थिर राखण्याचा. सूर्य मावळल्यावर सौर प्रकल्पातील जी यंत्रसामग्री स्वस्थ पडून असते, तीच शेजारच्या पवनक्षेत्रातला ढासळता दाब सावरू शकते. हे शक्य आहे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. उरला आहे तो वाद अर्थकारणाचा आणि सत्तेचा आहे. ही सेवा कोणी द्यायची, कोणाच्या आदेशाने द्यायची आणि तिचे मोल कोणी ठरवायचे?

आपल्यातील काही साथी म्हणतील की ही अभियंत्यांची बाब आहे, पक्षाने तिच्यात पडू नये. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की दाभोळच्या वीजखरेदी कराराची कलमे ही तरी कोणाची बाब होती? ती तज्ज्ञांचीच बाब आहे, असे १९९० च्या दशकात आपणांस बजावण्यात आले होते. त्या कलमांचा अर्थ पुढे वीज मंडळाच्या ताळेबंदात उतरला, तेव्हा ती बाब साऱ्या महाराष्ट्राची झाली. वीजव्यवहारात लूट होते ती घोषणांमध्ये होत नाही. ती परिशिष्टांत आणि तांत्रिक अटींत होते. म्हणून परिशिष्टे वाचणे हे राजकीय कार्य आहे.

दाब म्हणजे काय?

विषय थोडा समजावून घेऊ. आपल्या तारांतून वाहणारा प्रवाह उलटसुलट वाहणारा आहे. त्यातील एक भाग प्रत्यक्ष काम करतो. तो पंप फिरवतो, दिवा पेटवतो, आणि मीटरवर आपण त्याचेच पैसे भरतो. दुसरा भाग काम करीत नाही, केवळ ये-जा करतो. मोटार, रोहित्र यांच्यातील चुंबकीय क्षेत्र उभे ठेवणे हे त्याचे प्रयोजन. अभियंते याला रिअ‍ॅक्टिव्ह वीज म्हणतात. पाटाच्या पाण्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही गोष्ट लवकर कळेल. पाटात पाण्याची ठराविक पातळी राखली तरच शेपटाच्या शेतकऱ्याच्या चारीत पाणी चढते. पातळी धरून ठेवणारे पाणी कोणाच्याच पिकाला मिळत नाही, परंतु ते नसेल तर पिकाचे पाणीही पोहोचत नाही. विजेच्या जाळ्यात दाबाची पातळी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः ही रिअ‍ॅक्टिव्ह वीज करते.

ती कमी पडली की दाब उतरतो. दाब उतरला की पंपाची मोटार तेच काम करण्यासाठी अधिक प्रवाह ओढते, तापते आणि अखेर जळते. रिवाइंडिंगच्या दुकानात पावसाने ताण दिलेल्या वर्षी लागणारी रांग ही या साऱ्या प्रश्नाची खरी आकडेवारी होय. कमी दाबाच्या पुरवठ्यात ठरलेल्या दाबापेक्षा ६ टक्क्यांहून अधिक फरक पडता कामा नये, हा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून आपल्याकडे आहे. म्हणजे ४१५ व्होल्टचा पुरवठा ३९० च्या खाली जाऊ नये. वाहिनीच्या शेपटाला राहणाऱ्या कोणालाही विचारा, हा दंडक किती पाळला जातो ते तो सांगेल.

आता पवनचक्क्यांकडे येऊ. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. पहिल्या पिढीतल्या चक्क्यांत बहुतांशी साधे प्रेरण जनित्र असे. हे जनित्र वीज देते खरे. परंतु स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी ते जाळ्यातूनच रिअ‍ॅक्टिव्ह वीज ओढून घेते. वारा सुटला की हे ओढणे वाढते, पडला की कमी होते, आणि दाब त्याबरोबर हेलकावे खातो. कपॅसिटरचे संच बसवून काही प्रमाणात उपाय होतो. पण ते टप्प्याटप्प्याने चढतात-उतरतात, वाऱ्याची लहर त्यांना गाठता येत नाही. क्षणार्धात आणि अखंडपणे दाब सावरणारे यंत्र म्हणजे स्टॅटकॉम. पॉवरग्रिडने सोलापूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, येथील उपकेंद्रांत असे मोठे स्टॅटकॉम बसवले आहेत. यंत्र उत्तम आहे, पण महाग आहे आणि त्याची किंमत पारेषण आकारातून ग्राहकच भरतो.

तेच यंत्र, दुसऱ्या नावाने

येथेच सौर प्रकल्पाचा संबंध येतो. सौर पट्ट्यांतून निघणारी वीज एकाच दिशेने वाहते. तिचे जाळ्याला चालणाऱ्या विजेत रूपांतर करणारे उपकरण म्हणजे इन्व्हर्टर. आणि हा इन्व्हर्टर रचनेने जवळपास स्टॅटकॉमच आहे. नाव वेगळे, नियंत्रणाची पद्धत वेगळी, गाभा एकच. पूर्वी कानपूरच्या आयआयटीत अध्यापन केलेले आणि नंतर कॅनडातील वेस्टर्न विद्यापीठात गेलेले प्रा. राजीव वर्मा यांनी विनोद खडकीकर व रवी सीतापथी यांच्यासह २००९ मध्ये नेमका हाच विचार मांडला. रात्री निष्क्रिय असलेल्या सौर प्रकल्पाचा इन्व्हर्टर स्टॅटकॉमसारखा चालवावा, म्हणजे दाबनियंत्रणाची वेगळी यंत्रे न बसवता त्याच जाळ्यात अधिक पवनचक्क्या सामावून घेता येतील. ही कल्पना कागदावर राहिली नाही. इंग्लंडमधील ईस्ट ससेक्स परगण्यात एका सौर प्रकल्पाने २०१९ मध्ये रात्रीच्या वेळी जाळ्याला रिअ‍ॅक्टिव्ह वीज पुरवून दाखवली.

यातला हिशेब शाळेतल्या काटकोन त्रिकोणाचा आहे. इन्व्हर्टरची एकूण क्षमता हा कर्ण. काम करणारी वीज ही एक बाजू, रिअ‍ॅक्टिव्ह वीज ही दुसरी. क्षमता १०० धरली आणि उन्हातून ८० इतकी वीज येत असली, तर दुसरी बाजू ६० उरते. रात्री पहिली बाजू शून्य होते, म्हणजे सगळीच्या सगळी १०० दाब सावरण्यास मोकळी. भर दुपारी मात्र इन्व्हर्टर पूर्ण भरलेला असतो आणि शिल्लक काही राहत नाही. परंतु तो मुळातच १० टक्के मोठा घेतला, तर भर दुपारीसुद्धा ४५ हून अधिक शिल्लक राहते. दहा टक्क्यांच्या वाढीव खर्चात एवढी सार्वजनिक सोय क्वचितच विकत मिळते.

त्यात महाराष्ट्राच्या ऋतुचक्राची अनुकूलता आहे. आपल्या पठारांवरचा वारा जोर धरतो तो जून ते सप्टेंबर या महिन्यांत. पवनक्षेत्राला दाबाच्या आधाराची गरज तेव्हाच सर्वाधिक असते. आणि नेमके त्याच दिवसांत आभाळ भरलेले असते, सौर इन्व्हर्टर अर्धे रिकामे असतात. म्हणजे पावसाळ्यात ही सेवा केवळ रात्रीपुरती नव्हे, दिवसाही उपलब्ध आहे. निसर्गाने जुळवून दिलेली सांगड करारपत्रांनी तोडू नये, एवढेच आपले म्हणणे आहे.

बाजार येथे का चालत नाही

अर्थशास्त्राच्या एका पंथाचे उत्तर ठरलेले असते. रिअ‍ॅक्टिव्ह विजेचा बाजार उघडा, किंमत ठरू द्या, पुरवठा आपोआप होईल. आयुष्यभर हा विषय शिकवलेल्या माणसाने या उत्तराला शास्त्रीय आक्षेप घेणे भाग आहे. बाजाराला अनेक विक्रेते लागतात. रिअ‍ॅक्टिव्ह वीज दूरवर नेता येत नाही; वाटेतील वाहिन्या आणि रोहित्रेच ती खाऊन टाकतात. साक्रीचा दाब पुण्याच्या यंत्राने सावरता येत नाही. प्रत्येक उपकेंद्राच्या परिसरात ती देऊ शकणारे एक-दोनच असतात. जेथे विक्रेता एक आणि गरज अटळ, तेथे जे उभे राहते ते मक्तेदारीचे खंडणीखाते असते. पुन्हा, दाब स्थिर झाला की त्याचा लाभ पैसे देणाऱ्यालाही होतो आणि न देणाऱ्यालाही. गावाच्या बांधाचा लाभ जसा एकट्याला विकता येत नाही, तसाच हाही. अशा वस्तूला सार्वजनिक वस्तू म्हणतात आणि तिची तजवीज सार्वजनिक नियमानेच करावी लागते.

नियम नसला तर काय होते, याचा धडा स्पेनने २८ एप्रिल २०२५ रोजी घेतला. दुपारी साडेबाराच्या सुमारास काही सेकंदांत सुमारे १५,००० मेगावॅट निर्मिती जाळ्यातून गळून पडली आणि स्पेन व पोर्तुगाल यांची मुख्य भूमी अंधारात गेली. ऊन भरपूर होते, विजेचा तुटवडा नव्हता. कारण होते अनावर चढत गेलेला दाब. त्या देशाच्या नियमांनुसार सौर आणि पवन प्रकल्पांनी दाब सावरायचाच नव्हता. ते ठराविक प्रमाणात वीज देऊन मोकळे होत. दाब सावरण्याची जबाबदारी जुन्या औष्णिक व अणुकेंद्रांवर होती. पुरेशी केंद्रे त्या दिवशी चालू नव्हती आणि जी चालू होती त्यांतील काहींनी अपेक्षित काम केले नाही, असे सरकारी चौकशीत म्हटले गेले. कंपन्यांनी ते नाकारले आणि दोष जाळे चालवणाऱ्या संस्थेवर ढकलला. दोष कोणाचाही असो, हाताशी असलेले हजारो इन्व्हर्टर दाब सावरू शकत असताना त्यांना तसे सांगितलेले नव्हते, ही वस्तुस्थिती राहतेच. सौर व पवन प्रकल्पांना दाबनियंत्रणात सामील करून घेणारा सुधारित नियम तेथे मंजूर झाला तो जून २०२५ मध्ये, अंधार भोगल्यानंतर.

या घटनेचा हवाला देऊन सौरऊर्जेलाच दूषणे देणारे लोक आपल्याकडेही आहेत. त्यांचा निष्कर्ष उलटा आहे. तेथे अपयशी ठरले ते सौरतंत्र नव्हे. उत्पादकाला केवळ विकण्याचा हक्क द्यायचा आणि जाळे सांभाळण्याचे कर्तव्य सोपवायचेच नाही, ही व्यवस्था अपयशी ठरली.

आपल्याकडेही तिची बीजे आहेत. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. जुने मंडळ निर्दोष नव्हते. दाभोळचा करार त्याच्याच नावे झाला होता. परंतु दाब उतरला तर जाब कोणाला विचारायचा हे तेव्हा ठाऊक होते. आता निर्माता म्हणतो मी वीज विकली, पारेषण म्हणते मी ती वाहिली, वितरण म्हणते मला मिळाली तशी मी दिली. दाबाला धनी उरलेला नाही.

जनतेने आधीच मोजलेली किंमत

खाजगी प्रकल्पधारकांचा युक्तिवाद असा असतो की रात्री इन्व्हर्टर चालवला तर तो जाळ्यातून थोडी वीज खातो, त्याचे भाग तापतात, आयुष्य घटते. मग हे फुकट का करावे? या युक्तिवादात जेवढे तथ्य आहे तेवढे मान्य करावे. खर्च होतो. खाल्ली जाणारी वीज क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांच्या घरातील आहे. ती मोजावी, झीज मोजावी आणि प्रत्यक्ष खर्च भरून द्यावा. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२३ च्या ग्रिड संहितेने आंतरराज्य जाळ्यापुरती ही वाट दाखवलीही आहे: रात्रीच्या अशा सेवेसाठी खर्ची पडणारी वीज पारेषणातील गळतीत धरावी, तिचा आकार प्रकल्पाकडून घेऊ नये. म्हणजे खर्च समाजाने उचलला. मग यंत्रावरचा हुकूमही समाजाचा असला पाहिजे.

प्रत्यक्ष खर्च आणि नफेखोरीचे भाडे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाडे मागण्याचा नैतिक अधिकार या उद्योगाला नाही, कारण तो जनतेच्या पैशावरच उभा राहिला आहे. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा वजा करण्याची सवलत प्राप्तिकरात दीर्घकाळ होती. ती २०१२ मध्ये काढली गेली, २०१४ मध्ये परत आली, आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. विजेशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशांनी कर वाचवण्यासाठी पठारांवर चक्क्या उभारल्या त्या याच सवलतीच्या जोरावर. डिसेंबर २००९ पासून निर्मितीवर युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन देण्याची योजनाही आली. ३० जून २०२५ पर्यंत सुरू होणाऱ्या पवन व सौर प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्क माफ झाले. तो भार इतर ग्राहकांवर पडला. त्यावर पंचवीस वर्षांच्या खरेदीची हमी. ज्या यंत्राची किंमत जनतेने अशी हप्त्याहप्त्याने फेडली, ते रात्री जनतेच्या कामी येण्यासाठी पुन्हा नवे भाडे का?

आपल्याच चळवळीतील दुसऱ्या एका मताचाही विचार केला पाहिजे. काही साथींना हे सारे प्रकल्प भांडवलदारांचे वाटतात आणि त्यांच्या सुधारणेत आपण का पडावे असे ते विचारतात. जमिनीच्या प्रश्नावरील त्यांचा संताप योग्य आहे. साक्री तालुक्यात पवनचक्क्यांसाठी वनजमीन देण्याविरुद्ध आदिवासींनी दिलेला लढा आपण विसरलेलो नाही. वनहक्काचा प्रश्न सुटल्याखेरीज कोणताही प्रकल्प न्याय्य म्हणता येणार नाही. परंतु चक्क्या उभ्या आहेत, त्यांचे परिणाम जाळ्यावर होत आहेत आणि त्यांची किंमत खालच्या गावांतले लोक देत आहेत. यंत्र कोणाचे, हा प्रश्न आपण सोडलेला नाही. ते कोणासाठी चालावे, हा प्रश्न मात्र आजच सोडवता येतो.

काय मागायचे

सुरुवात सार्वजनिक क्षेत्रापासून करावी. त्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. एका तालुक्यात जनतेच्या मालकीचे सौर केंद्र आणि खाजगी पवनचक्क्यांचे मोठे क्षेत्र, असा योग अन्यत्र सहसा सापडणार नाही. इन्व्हर्टरचे आयुष्य साधारणतः दहा ते पंधरा वर्षांचे असते. येथील इन्व्हर्टर बदलले जातील तेव्हा रात्री दाब सावरू शकणारेच घ्यावेत, ही पहिली मागणी. दोहोंच्या वाहिन्या परस्परांच्या किती निकट आहेत आणि परिणाम किती होईल, याचा अभ्यास महापारेषणने करून तो प्रसिद्ध करावा.

दुसरी मागणी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसंबंधी. या योजनेत उपकेंद्रांच्या आसपास छोटे सौर प्रकल्प उभे राहत आहेत आणि खाजगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे दिले जाते. हे प्रकल्प दिवसा कृषी फीडरला वीज देतात. सायंकाळी त्याच उपकेंद्रावरील गावठाण फीडरचा दाब उतरतो, तेव्हा त्यांचे इन्व्हर्टर रिकामे असतात. दाब शेपटाला उतरतो आणि हे इन्व्हर्टर शेपटालाच आहेत. ही सेवा प्रत्येक नव्या करारात लिहिलेली असली पाहिजे.

तिसरी मागणी जुन्या पवनचक्क्यांबद्दल. त्या काढून नव्या मोठ्या चक्क्या उभारण्याचे सुधारित राष्ट्रीय धोरण डिसेंबर २०२३ मध्ये आले. नव्या प्रकल्पांनी ०.९५ पर्यंतच्या पॉवर फॅक्टरमध्ये रिअ‍ॅक्टिव्ह वीज देण्या-घेण्याची क्षमता राखावी, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मानक २०१३ च्या दुरुस्तीपासून आहे. पुनरुभारणीची परवानगी देताना हे मानक कागदावर न ठेवता दर वर्षी प्रत्यक्ष चाचणीने तपासावे आणि चाचणीचे निकाल जाहीर करावेत.

चौथी आणि मुख्य मागणी हुकमाची. राज्य भारप्रेषण केंद्राच्या आदेशाने हे इन्व्हर्टर चालले पाहिजेत, प्रकल्पमालकाच्या मर्जीने नव्हे. मोबदला प्रत्यक्ष खर्चाइतका, आणि आदेश डावलल्यास दंड. नवा स्टॅटकॉम विकत घेण्यापूर्वी त्या परिसरातील रिकाम्या इन्व्हर्टरांनी ते काम होते का, याचा हिशेब मांडणे पारेषण कंपनीवर बंधनकारक करावे. जेथे होत नाही तेथे स्टॅटकॉम जरूर बसवावा. सौर इन्व्हर्टर हा प्रत्येक दुखण्यावरचा उतारा नाही. पण एकाच कामासाठी दोन यंत्रांचे पैसे ग्राहकाकडून घेऊ नयेत.

डॉ. आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूर सदस्य या नात्याने १९४३ मध्ये विजेच्या सार्वजनिक नियोजनाचा आग्रह धरला, तो वीज स्वस्त व मुबलक मिळावी आणि तिच्या बळावर दारिद्र्य हटावे म्हणून. तारेत वीज आहे पण तिच्यात दाब नाही, अशी वीज गरिबाच्या काय कामाची?

कार्यकर्त्यांसाठी काम सरळ आहे. पवनक्षेत्रांच्या आणि सौर प्रकल्पांच्या परिसरातील गावांत महिनाभर रोज सायंकाळी सात वाजता घरातील दाब साध्या व्होल्टमीटरवर पाहून तारीखवार वहीत नोंदवावा. गावाचे नाव, फीडरचे नाव आणि रोहित्राचा क्रमांक लिहावा. दरवाढीच्या प्रस्तावावर ग्राहकांच्या हरकती ऐकणे राज्य वीज नियामक आयोगाला २००३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पुढील सुनावणीत या वह्या आणि वरील चार मागण्या आयोगापुढे ठेवाव्यात. जळलेल्या मोटारींच्या रिवाइंडिंगच्या पावत्या मिळतील तेवढ्या सोबत जोडाव्यात.